दुष्काळाने तुकाराम घडवला नाही

एका कवितावाचनानंतर ज्येष्ठ परीक्षकांनी कॉलेजातल्या एका मुलीला सांगितलं, "चांगलं लिहितेस, पण अजून सोसलं नाहीस. एखादा घाव बसू दे, मग बघ." मुलीने मान खाली घालून वही मिटली. मी मागच्या रांगेत होतो आणि गप्प राहिलो. ती टोचणी अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सोसल्याशिवाय कवी होत नाही, या मताचा हुकमी दाखला म्हणजे तुकोबा. १६३०चा भीषण दुष्काळ पडला. दुकान बुडालं, पहिली पत्नी गेली, परंपरा सांगते की मुलगाही गेला. त्यातूनच गाथा जन्मली, असं म्हणतात. वर तुकोबांचीच साक्ष काढतात: दिवाळं निघालं, दुष्काळाने पिडलं, हे बरंच झालं, असं तेच तर देवाला सांगतात!

तो अभंग नीट वाचावा. अनुताप झाला आणि देवाचं चिंतन उरलं, याबद्दलची ती कृतज्ञता आहे. ती भक्ताची आहे. कवित्वाचं त्यात नावही नाही. आणि त्या दुष्काळात दख्खनपासून गुजरातेपर्यंत माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. सोसण्यानेच कवी होत असते, तर त्या पिढीत घरोघरी गाथा लिहिली गेली असती. बहुतेकांचा तर साधा हुंदकाही आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

कवित्व कसं आलं, हे तुकोबांनी दुसरीकडे सांगितलं आहे, तेही संतांनी विचारलं म्हणून, संकोचत. त्या आत्मकथनात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली, हे सगळं एका कडव्यात येतं. मग ते थबकतात कुठे? मोडकळीला आलेल्या देवळाशी. एकादशीच्या कीर्तनाशी. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, ही कबुली देतात. संतांची वचनं विश्वासाने पाठ केली, पुढे गाणाऱ्याच्या मागे ध्रुपद धरलं, असं सांगतात. कवित्वाची स्फूर्ती येते ती या सगळ्यानंतर, स्वप्नातल्या गुरूपदेशाच्याही नंतर.

ध्रुपद धरणं म्हणजे काय, हे सप्ताहात मागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या गावी एक पोरगा टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत असायचा. पहिल्या रात्री त्याचे ओठ अर्धी मात्रा मागे हलायचे आणि डोळे शेजारच्याच्या तोंडावर असायचे. सातव्या रात्री बुवांनी चरण सोडला की ध्रुपद त्याच्या तोंडून आपसूक यायचं. चरण कुठे मोडतो, यमक कुठे बसतं, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याच्या अंगात उतरलेलं असायचं. तुकोबांची शाळा ही होती. नामदेवांचा अभंग त्यांच्या कानात मुरला होता. त्यांच्या अभंगांतले भांडार, माल, हमाल हे शब्द पेठेतून आले, वाण्याच्या रोजच्या व्यवहारातून.

दुःखाने काहीच दिलं नाही, असं मी म्हणत नाही. सगळं गमावलेला माणूस देवाशी ज्या धिटाईने भांडतो, ती धिटाई गाथेत पानोपानी आहे. पोकळ सोवळ्यावरचा संतापही पोळलेल्या माणसाचा आहे. पण ते सगळं आपल्यापर्यंत आलं, कारण ते पेलणारा अभंग आधी घोटलेला होता.

शिवाय एका दुःखाने तर तुकोबांचं कवित्व बंदच पाडलं होतं. कवित्वाचा निषेध झाला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा चित्त दुखावलं, असं तेच सांगतात. ते धरणं धरून बसले. परंपरेने ते दिवस तेरा मोजले आहेत. घाव घालणाऱ्यांनी तेव्हा कवी घडवला नव्हता, त्याचं तोंड बंद केलं होतं.

ती मुलगी पुन्हा भेटली, तर तिला घाव बसण्याची वाट बघायला मी सांगणार नाही. येत्या एकादशीला जवळच्या देवळात जा आणि टाळकऱ्यांच्या मागे उभी राहा, एवढंच सांगेन.