आजोबांच्या खोलीला कोणता रंग?

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाची चर्चा सुरू होते. पांढरा, मोतिया की राखाडी, हे बहुधा शेडकार्ड पाहून ठरते. वृद्धांच्या खोलीपुरते तरी ते त्यांच्या डोळ्यांकडे पाहून ठरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर पडते. विशीच्या तुलनेत साठीत दृष्टिपटलावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. राखाडी भिंत बराच प्रकाश शोषते; तरुणाला शांत वाटणारी खोली वृद्धाला अंधारी वाटते. पांढरा सर्वाधिक प्रकाश परतवतो. पण तो चकचकीत ऑइलपेंट असेल तर मोतीबिंदू असलेल्याचे डोळे दिपतात. म्हणून बिनचमकीचा मोतिया मला योग्य वाटतो.

मात्र भिंत, दार, फरशी सारेच फिकट नको. कडा ओळखू येत नाहीत, उंबरठ्याला पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. त्या एका पडण्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. चौकट आणि उंबरठा गडद ठेवा.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूला घातक असते. पाणी मारून घासा, मुलांना दूर ठेवा.

शेवटी, निवडलेल्या रंगाचा हातभर पट्टा भिंतीवर मारा आणि संध्याकाळी दिवा लावून आजोबांनाच विचारा, नीट दिसते का?