आजची भाकर, आजच्यापुरती

महिन्याची २८ तारीख. अकाउंटमध्ये १,१४० रुपये. घरभाड्यातला माझा वाटा ९,५००, आणि तो ५ तारखेला द्यायचाच. तीन क्लायंट्सकडे बिलं अडकलेली, त्यातलं सगळ्यात जुनं ७० दिवसांचं. तिथल्या अकाउंट्सवाल्या सरांचं उत्तर ठरलेलं, 'प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.' बॉस, प्रोसेसमध्ये तर मीसुद्धा आहे! पण हे दूधवाल्याला कसं सांगू?

ज्यांचा पगार १ तारखेला गपचूप जमा होतो, त्यांना फ्रीलान्सिंग समजावणं अवघड. तुम्हाला वाटतं, काय मजा आहे, पजाम्यात ऑफिस! पजाम्याचं खरं आहे. मजेचं नंतर बोलू.

त्याच संध्याकाळी नगरहून आईचा फोन. (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच.) आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यामुळे 'जेवलीस का?'च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच, 'प्रार्थना केलीस का?' एरवी मी 'हो गं' म्हणून विषय बदलते. त्या दिवशी माझी सटकली.

"आई, अकाउंट्स डिपार्टमेंट प्रार्थनेनं चालत नाही."

"मग कशानं चालतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बहुतेक त्या अकाउंट्सवाल्या सरांकडेही नसावं.

"पैशांचं ठीक आहे ना गं?"

"एकदम मस्त," मी ठोकून दिलं.

फोन ठेवला आणि अपराधी वाटायला लागलं. खोटं बोलल्याचं तर होतंच, पण आईच्या 'देव पुरवील'वर मी मनातल्या मनात हसले होते, त्याचंही. लहानपणापासून ऐकत आलेय. मला ते नेहमी हात वर करून मोकळं होण्यासारखं वाटायचं. तू काळजी करू नकोस, वरचा बघून घेईल. वरच्याकडे माझा आयएफएससी कोड आहे का?

पण रात्री झोप येईना, तेव्हा सवयीनं प्रभूची प्रार्थना पुटपुटले. हजारदा म्हटलेली. त्यात देवाकडे मागायच्या यादीत भाकर आहे, हे तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. चक्क भाकर! आणि तीही आजची. पुढच्या महिन्याचं भाडं नाही, अॅन्युअल पॅकेज नाही, रिटायरमेंट फंड नाही. मी मात्र रात्री दीड वाजता थेट पुढच्या वर्षाच्या जूनपर्यंतची उपासमार प्लॅन करून बसले होते.

रविवारच्या शाळेत शिकलेली मान्नाची गोष्ट आठवली. इजिप्तमधून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी, तेव्हा रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडायचा. नियम एकच, ज्याला लागेल तेवढंच गोळा करा. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवलं, त्यांच्या मान्नात सकाळी किडे! फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. म्हणजे वीकएंडचं प्लॅनिंग देवालाही मान्य.

लगेच एसआयपी बंद करायला धावू नका. त्याच बायबलमध्ये योसेफ आहे. पुढे दुष्काळ येणार हे कळल्यावर त्यानं सुकाळाच्या सात वर्षांत इजिप्तची कोठारं भरून ठेवली. थोडक्यात, भानगड बचतीत नाही. उद्याची भीती आजच्या ताटात वाढून घेण्यात आहे.

तरीही एक प्रश्न सुटत नव्हता. जे खरंच उपाशी राहतात, त्यांचं काय? त्यांनी काय प्रार्थना कमी केली?

पुण्याहून रेल्वेनं नगरला जाताना दौंडच्या आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. शाळेत आपण त्यांच्यावर चार ओळी पाठ करतो, पण त्यांची पैशांची गोष्ट कुणी सांगत नाही. तरुणपणी रमाबाईंनी दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण गमावली. घरात देवभक्तीची कमी नव्हती. उलट होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं होतं. म्हणजे 'देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होतं' असं या बाईंना कुणी सांगून पटवणं शक्यच नव्हतं. भूक त्यांनी घरात पाहिली होती.

पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते नंतर पुण्याला हलवलं. त्यासाठी अमेरिकेतल्या एका मंडळानं १० वर्षं मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत १८९८ मध्ये संपत आलेली, आणि त्याच सुमाराला, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांनी इंग्लंडमधल्या जॉर्ज म्युलरबद्दल वाचलं होतं. या माणसानं ब्रिस्टलमध्ये १८३६ पासून हजारो अनाथ मुलं सांभाळली. नियम असा, की गरज माणसांना नाही, फक्त देवाला सांगायची आणि कर्ज काढायचं नाही. हे भारतातही जमेल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्यांनी ते करून पाहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीत जवळपास दोन हजार मुली-बायका होत्या.

आता गंमत बघा. म्युलर आलेल्या एकेका देणगीचा हिशेब लिहून छापायचा. आणि मुक्तीत प्रार्थनेच्या जोडीला शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छापलं. हात वर करून बसलेलं कुणी दिसतंय?

दुष्काळात लोक का मेले, याचं उत्तर रमाबाईंनी दिलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या घरात न पोचलेली भाकर त्यांनी दोन हजार जणींपर्यंत पोचवली. मग माझ्या डोक्यात दिवा पेटला. त्या प्रार्थनेत भाकर 'मला' मागितलेलीच नाही. 'आम्हांला' मागितलीय! म्हणजे ती येणार कुणाच्या तरी हातून, आणि जाणार कुणाच्या तरी हातात. मी मात्र सगळ्यांशी 'एकदम मस्त' म्हणत सगळे हात लांब ठेवले होते.

४ तारखेला रूममेटसमोर बसले आणि खरं ते सांगून टाकलं. आवाज थोडा कापला. ती म्हणाली, "वेडी आहेस का? आधी नाही सांगायचं?" भाडं तिनं भरलं. रात्री पिठलंही केलं. खारट होतं, पण दोनदा घेतलं.

मग आईला फोन केला, खोट्याची कबुली देऊन टाकली.

"बघ, देवानं पुरवलं," आई.

"देवानं कुठे? मी हिच्याकडे मागितलं."

"मग?"

पुन्हा उत्तर नाही. आईला हरवणं सोपं नाही, चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिलेली बाई आहे ती. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या पानावर प्रार्थना आणि खाली कांद्या-बटाट्याचा हिशेब.

बिलाचे पैसे ११ तारखेला आले. दहा टक्के टीडीएस कापून. चमत्कारालाही टीडीएस लागतो, नोंद घ्या.

रूममेटचे पैसे लगेच फेडले. आणि दुसऱ्या दिवशी एका फोटोग्राफर मित्राचा मेसेज आला, 'यार, दोन हजार आहेत का? बिल प्रोसेसमध्ये आहे.' खरं सांगते, पहिला विचार आला तो दडवून ठेवण्याचाच. आत्ता कुठे पैसे आलेत, पुढचं बिल कधी निघेल कुणास ठाऊक. मग किडे पडलेला मान्ना आठवला.

पाठवले. त्याचा रिप्लाय आला, 'देवासारखी धावून आलीस.'

आईला अजून सांगितलेलं नाही. ती परत 'मग?' म्हणेल.