डाळीचा कट आणि पंचेचाळीस लिटर

पाणीकपात जाहीर झाली की काटकसरीच्या उपदेशांना बहर येतो. भाताची पेज ओतून देऊ नका, डाळीचा कट आमटीला घ्या, तांदळाचे धुवण झाडांना घाला! उपदेश खोटा नाही. तो कोणाला केला जातो आणि कशाच्या बदल्यात, हा खरा प्रश्न आहे.

मुळात हे शहाणपण कष्टकरी घरांचेच आहे. पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करणे आणि कोकणात सकाळी पेज पिऊन शेतावर जाणे, या रीती कोणा आहारतज्ज्ञाने शिकविलेल्या नाहीत. कांदिवलीच्या गुजराती घरांतले ओसामण हेही त्याच जातीचे. विज्ञानाने त्याचे मर्म मागाहून सांगितले. ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. भात वेळून पाणी फेकले की त्यांचा मोठा वाटा मोरीत जातो. भाज्यांच्या उकळपाण्यात कणीक भिजविणे म्हणूनच हिताचे. मात्र मीठ घातलेले पाणी झाडांना घालू नये, आणि पेज उकाड्यात आंबते म्हणून ती त्याच दिवशी संपवावी.

एवढे मान्य करून आता हिशेब पाहू. मुंबईच्या पाणीवाटपात झोपडपट्टीसाठी माणशी दररोज ४५ लिटर, तर इमारतींसाठी १३५ लिटर हे प्रमाण दीर्घकाळ धरले गेले. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला एकीकडे २२५ लिटर, दुसरीकडे ६७५. कांदिवली पूर्वेला लोखंडवाला संकुल आणि त्याला लागून जंगलाच्या कडेचे दामूनगर पाहिले, की या दोन आकड्यांतले अंतर किती थोडे आहे हे कळते. स्वयंपाकघरातला कट, पेज आणि धुवण मिळून दिवसाला वाचणार फार तर चार-पाच लिटर. वाटपातली तफावत ४५० लिटरांची! ती गृहिणीच्या काटकसरीने भरून निघणार नाही. उलट, हंडे वाहणाऱ्या स्त्रीलाच पुन्हा काटकसर शिकविणे म्हणजे वाटपाचा अन्याय तिच्या गळ्यात सद्गुण म्हणून बांधणे होय.

समाजवादी चळवळीने हे फार पूर्वी ओळखले होते. गोरेगावात मृणालताई गोरे यांनी पाण्यासाठी लढा दिला आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. १९७२ साली महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न हा सत्तेचा प्रश्न आहे हेच त्यांनी दाखवून दिले. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००० सालानंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तथापि निकाल कागदावर मिळाला म्हणून नळाला पाणी येत नाही. त्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि मोर्चा हे सारे लागतेच.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन्ही कामे करावीत. पण त्यांची ठिकाणे ओळखून. पाणी वाचविण्याचा आग्रह इमारतींच्या गृहनिर्माण संस्थांकडे धरावा. गळक्या टाक्या, गाड्यांची धुलाई यांचा जाब तेथे विचारावा. वस्त्यांत मात्र जोडणीचे अर्ज भरून घ्यावेत, पाणी किती वाजता व किती येते याची नोंद ठेवावी आणि ती घेऊन विभाग कार्यालयावर जावे. कटाची आमटी कशी करावी, हे त्या घरांना आपण सांगण्याची गरज नाही.