बिघाड कुठल्या पडद्यात?

संगणकाच्या पडद्यावर काही विचित्र दिसू लागले, की घरोघरी आणि कचेऱ्यांत उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे, मग केबल हलवून बघायची, मग मॉनिटरच्या पाठीवर एक थाप मारायची. एवढ्याने भागले नाही, की ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन. तो न बघताच सांगतो, 'पडदा गेला, बदलावा लागेल.' या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. बिघाड नेमका कुठे आहे?

हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. मराठीत संगणकालाही पडदा असतो आणि डोळ्यालाही. चित्र संगणकाच्या स्मृतीत तयार होते, केबलमधून मॉनिटरवर येते, तिथून प्रकाश होऊन बुबुळावाटे डोळ्यातल्या पडद्यावर पडते आणि शेवटी मेंदूत 'दिसते'. या वाटेवर कुठेही गडबड झाली, तरी माणसाची तक्रार एकच असते : 'स्क्रीनवर काहीतरी दिसतंय.' वाट मोठी असताना शोध मात्र तिच्या पहिल्या अर्ध्यातच संपतो. मॉनिटर बदलायला लोक दोन दिवसांत तयार होतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला त्यांना दोन महिने लागतात. हा क्रम महागात पडू शकतो.

आधी यंत्राकडे पाहू, कारण तिथली तपासणी सोपी आहे. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग, आणि हे सगळे चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवले जाते. इतक्या मोठ्या कारभारात कुठेतरी चूक होणारच. ती शोधण्यासाठी पेचकस लागत नाही, एक स्क्रीनशॉट पुरतो. विचित्र चित्र दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून तिथे उघडावा. गडबड त्यातही दिसली, तर चित्र मुळातच बिघडलेले आहे. मग संशय सॉफ्टवेअरवर, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर किंवा तापलेल्या ग्राफिक्स कार्डावर. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, रंगीत तुकडे, फाटलेल्या आकृत्या या बहुधा याच गटातल्या. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला, तर चित्र नीट तयार झाले, पण बाहेर पडताना किंवा वाटेत बिघडले.

दुसरी चाचणी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूची. कडेचे बटण दाबले की उजेड कमीजास्त करण्याची जी चौकट येते, ती संगणकाकडून येत नाही, मॉनिटर ती स्वतः काढतो. रेघ किंवा डाग त्या चौकटीवरूनही जात असेल, तर दोष मॉनिटरचा. चौकट स्वच्छ असेल, तर केबल बदलून पाहावी. चमचमणारे ठिपके, क्षणभर काळा होणारा पडदा हे ढिल्या किंवा सुमार केबलचे नेहमीचे लक्षण. लॅपटॉपचे झाकण मागेपुढे केल्यावर रेघा बदलत असतील, तर बिजागरीतून जाणारी पट्टीसारखी केबल कुरतडली गेली आहे. वरपासून खालपर्यंत जाणारी एकच न हलणारी उभी रेघ मात्र बहुधा पॅनलचीच असते. या दोन चाचण्यांना पाच मिनिटे पुरतात. त्या न करता हजारो रुपयांचा पॅनल बदलणे म्हणजे ताप का आला हे न बघता औषध बदलत राहणे.

या चाचण्यांनंतरही यंत्रात काहीच सापडत नाही, तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारावे, 'तुला दिसतंय का हे?' तो 'नाही' म्हणाला, तर ते उत्तर हसण्यावारी नेऊ नये. या घडीला यंत्र निर्दोष सुटलेले असते आणि शोध वाटेच्या उरलेल्या अर्ध्यात शिरतो.

समजा, हिशेब पाहणाऱ्या एखाद्याला एक्सेलच्या सरळ रेघा मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या. जुन्या, पेटीसारख्या मॉनिटरवर असे खरोखर घडायचे. जवळ लोहचुंबक किंवा मोठा स्पीकर ठेवला, तरी चित्र तिरके व्हायचे. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक ठिपका आपल्या जागी पक्का बसवलेला असतो. तो विझेल, अडकेल, चुकीचा रंग दाखवेल, पण जागा सोडणार नाही. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये सरळ असलेली रेघ डोळ्यांना वाकडी दिसत असेल, तर ती पडद्यावर वाकलेली नाही. नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या कडेनेही रेघा वाकतात, पण मान वळवली की तो बाक सरकतो आणि चष्मा काढला की जातो. टक लावून पाहिलेल्या जागीच, रोज, तसाच बाक दिसत असेल, तर संशय डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेल्या मॅक्युलावर घ्यायला हवा.

स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी विसाव्या शतकात नेमकी हीच तपासणी रूढ केली : चौकटींचा कागद, मध्ये एक ठिपका, एका वेळी एकच डोळा उघडा. एक्सेलची रिकामी शीट ही जणू त्या कागदाची कचेरीतली भावंडच. उतारवयात मॅक्युला झिजण्याचा आजार असाच लक्षात येतो. तरुण आणि मध्यमवयीन, विशेषतः पुरुषांत, मॅक्युलाखाली पाणी साठण्याचा एक विकार दिसतो. त्यात एका डोळ्यासमोर धुरकट डाग येतो आणि रेघा लाटांसारख्या दिसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, मलम किंवा फवारा वापरणाऱ्यांत त्याचा धोका वाढतो. अशा माणसाने नवा मॉनिटर घेतला तर फरक पडणार नाही, आणि मधले काही आठवडे फुकट जातील.

इथे 'एकच डोळा उघडा' ही अट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक निरोगी डोळ्यालाही एक आंधळा बिंदू असतो, जिथून दृष्टीची नस बाहेर पडते. तो कधी जाणवत नाही, कारण दुसरा डोळा आणि मेंदू मिळून ती जागा भरून काढतात. हीच सोय आजारात गैरसोय ठरते. एका डोळ्यातला दोष दुसरा डोळा महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. दोन्ही डोळ्यांनी 'छान दिसतंय' म्हणणारा माणूस एक डोळा झाकल्यावर दचकतो.

काही गडबडी तर डोळ्यातही नसतात. पडद्याच्या मधल्या भागात अक्षरे गळू लागतात, मग चमचमती नागमोडी कड उमटते आणि हळूहळू बाहेर पसरते. हे अर्धशिशीच्या झटक्याआधीचे दृश्य. डोके न दुखताही ते येऊ शकते. मॉनिटरवरून नजर काढून भिंतीकडे पाहिले, तरी ते तिथे असते. डोळे मिटले तरी जात नाही. आलटूनपालटून एकेक डोळा झाकला, तरी दोन्हींत दिसते. बहुतेकदा ते पाच मिनिटे ते तासभर टिकते आणि विरते. इंग्लंडमधील ह्यूबर्ट एअरी यांनी १८७० मध्ये स्वतःला दिसणाऱ्या अशा कडांची बारकाईने चित्रे काढली. पुढे १९४१ मध्ये मेंदूचे अभ्यासक कार्ल लॅशली यांनी स्वतःच्याच अनुभवाची मोजदाद करून सांगितले, की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावे. ब्राझीलचे संशोधक अरिस्तिदिस लेआओ यांनी १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत तशीच संथ लाट नोंदवली. कुठला बिघाड कुठे आहे हे त्याच्या चालीवरून ओळखण्याचा याहून सुंदर दाखला क्वचितच मिळेल.

पांढऱ्या पानावर तरंगणारे काळे ठिपके आणि जाळ्याचे धागे हा आणखी एक नेहमीचा गोंधळ. मॉनिटरचा मेलेला ठिपका जागचा हलत नाही. डोळ्यातला ठिपका नजरेबरोबर पळतो आणि नजर थांबली तरी थोडा तरंगत राहतो. वर्षानुवर्षांचे एकदोन ठिपके सहसा निरुपद्रवी असतात. पण अचानक ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला, अंधारातही कडेला वीज चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने काळी सावली पसरू लागली, तर डोळ्याचा पडदा फाटत किंवा सरकत असू शकतो. त्यात दुखत नाही, आणि म्हणूनच उशीर होतो. जास्त मायनस नंबर असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, डोळ्याला मार लागलेले यांनी विशेष जपावे. मधुमेहींच्या डोळ्यातल्या रक्तस्रावातही असे काळे डाग येतात. मॅक्युला सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर नजर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून इथे 'उद्या बघू' चालत नाही, त्याच दिवशी जायला हवे. एका डोळ्याची किंवा दोन्ही डोळ्यांची अर्धी बाजूची नजर एकाएकी गेली, तर ती मिनिटभरात परत आली तरी रुग्णालय गाठावे. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो.

उलटी चूकही होते. मॉनिटर सदोष असतो आणि माणूस चष्म्याचे नंबर बदलत राहतो. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा अतिवेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण काहींचे त्याने डोके दुखते. अशा वेळी मॉनिटरचा उजेड पूर्ण वाढवून, खोलीतला दिवा लावून काम करून पाहावे. आणि पापणी मिटताच धूसरपणा जात असेल, तर यंत्र आणि पडदा दोन्ही ठीक आहेत. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, एवढेच.

यावर कुणी म्हणेल, की अशाने लोक प्रत्येक लुकलुकीत आजार शोधू लागतील. खरे तर भीती आणि हयगय या दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे तपासणी. स्क्रीनशॉटमध्ये गडबड सापडली, की माणूस निर्धास्तपणे ग्राफिक्स कार्डाला दोष देऊ शकतो. न सापडल्यास कुठे जायचे हे त्याला कळते. यंत्रांच्या तक्रारी घेणाऱ्या प्रत्येक कचेरीने 'बंद करून चालू केलंत का?' याच्या जोडीला दोन प्रश्न ठेवायला हवेत : 'शेजाऱ्याला दिसतंय का?' आणि 'एक डोळा झाकून पाहिलंत का?' कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर प्रत्येक डोळ्याची वेगळी तपासणी, आणि मधुमेहींसाठी डोळ्याच्या पडद्याची तपासणी, सक्तीची व्हावी. दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर बसवून घेणाऱ्यांकडून ही अपेक्षा जास्त नाही.

मॉनिटरला वॉरंटी असते, सुटे भागही बाजारात मिळतात. डोळ्याच्या पडद्याला यातले काहीच नसते. म्हणून थाप मारण्याआधी एक डोळा झाकून बघावा.