ऊन आपल्याला नवे नाही



हेल्मेटचा विषय गावात काढला की पहिले उत्तर ठरलेले असते : "आमच्या उन्हात ते तासभर डोक्यावर ठेवून दाखवा म्हणावं साहेबाला." या उत्तरात खोटे काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि नेमके तेच आपले हिंडायचे दिवस. रान मोकळे, लग्नसराई जोरात, मुहूर्त भर दुपारचे. अहमदपूरची अक्षता टाकून लोह्याच्या पंगतीला पोचायचे, मागे कारभारीण, पुढे टाकीवर पोरगे. पीककर्जासाठी बँकेचे खेटे, बियाण्यासाठी दुकानाची चक्कर, तीही याच दिवसांत. कायदा करणारे काचा वर करून गार हवेत बसतात आणि आपल्या डोक्यावर किलो-सव्वा किलोचे मडके ठेवायला सांगतात. राग येणे साहजिक आहे.

पण या रागाचा हिशेब कुणाच्या घरात चुकता होतो ते पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीवर मेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. यातला साहेब कोण आणि शेतकरी कोण हे आकडा सांगत नाही, पण फटफटीशिवाय ज्यांचे पान हलत नाही असे लोक आपणच आहोत. एसटी दिवसातून दोनदा येते, नाही तर येतच नाही. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा जाणारा रस्ता आता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. रस्ता सुधारला तसा गाड्यांचा वेग वाढला आणि आपण मात्र शेताच्या वाटेवरून एकदम त्या वेगात शिरतो. घरचा कर्ता गेला की मागे राहते कोरडवाहू जमीन, सोसायटीचे कर्ज आणि त्याच गाडीचा हप्ता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत वारसाला २ लाख मिळतात. कागद जमवता जमवता त्या माउलीच्या चपला झिजतात ते वेगळेच.

उन्हाची सबब सगळीकडे खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने विसाच्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हा बोट दाखवले गेले ते फवारणाऱ्याकडेच : मास्क, चष्मा, अंगरखा का घातला नाही? पाठीवर पंप घेऊन, ऑक्टोबरच्या उकाड्यात, छातीएवढ्या कपाशीत प्लास्टिकचा अंगरखा घालून विचारणाऱ्याने अर्धा एकर तरी फिरून दाखवावे. प्लास्टिक घाम वाळू देत नाही, माणूस आतल्या आत उकडतो. तिथली अडचण खरी आहे, आणि अंगावर ठेवता येईल असा पोशाख देण्याची जबाबदारी विष विकणाऱ्याची आणि त्याला परवाना देणाऱ्याची आहे. हेल्मेटचे तसे नाही. ते अंग झाकत नाही, डोके झाकते, आणि डोके झाकून उन्हात वावरणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माणसाच्या कातडीची उष्णता साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा लागला की बरे वाटते. हवा ४२ अंशांवर गेली की तोच वारा उलटा अंगात उष्णता ओततो. ५० च्या वेगाने उघड्या तोंडाने जाणे म्हणजे लोहाराच्या भट्टीसमोर तोंड धरणे. घाम येतो, पण आल्या आल्या वाळतो. म्हणून वाटते की घामच नाही, आणि अंगातले पाणी मात्र केव्हाच गेलेले असते. हे आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकाशिवाय माहीत होते. भर उन्हात वखर हाणणारा माणूस अंगात बाह्यांची बंडी आणि डोक्याला पाच-सहा हातांचे मुंडासे घालून उभा असायचा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, बोडके डोके वाऱ्यावर धरले की गार वाटते, ही अलीकडच्या पोरांची समजूत आहे.

आता हेल्मेटच्या आत काय असते ते पाहा. कवचाखाली थर्मोकोल असतो, ज्यात बर्फ टिकतो तोच. तो जसा बर्फाजवळ ऊन जाऊ देत नाही तसा डोक्याजवळही जाऊ देत नाही. हेल्मेट तापलेले लागते ते बहुतेक वेळा आपणच तासभर उन्हात आरशाला टांगून ठेवलेले असते म्हणून. सावलीत ठेवा, पांढऱ्या रंगाचे घ्या, पुढे-मागे हवेची भोके असलेले घ्या. आणि खरी युक्ती आपल्या घरातल्या माठाची. माठातून झिरपलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. आपल्याकडची उन्हाळ्यातली दुपार कोरडी, म्हणून माठ झकास चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो रडतो. तीच युक्ती डोक्याला करा : पातळ सुती दस्ती भिजवून, पिळून, एकेरी डोक्यावर पसरा आणि वर हेल्मेट घाला. दुसरी ओली दस्ती मानेला. गाठ मारू नका, घड्या घालू नका. जाड रुमालाने हेल्मेट सैल बसते आणि सैल हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते. दस्ती वाळली की झाडाखाली थांबा, पाणी प्या, पुन्हा भिजवा. (२०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे डोके भिजवायचा सल्ला देताना आम्हालाही संकोच वाटतो, पण यासाठी तांब्याभरही लागत नाही.) पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच. बायकांची तक्रार असते की अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. ती खरी आहे. वेणी घालून खाली सोडली की बसते. पदर मात्र चाकापासून आवरून घ्यावा.

नांदेडला या विषयावर एक प्रश्न हमखास निघतो. गुरुद्वाऱ्याच्या गावात शीख बांधव पगडी घालून गाडी चालवतात, पोलीस अडवत नाहीत. मग आमच्या फेट्यालाच का अडवतात? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखांना सूट आहे, ती त्यांच्या धर्माज्ञेचा मान राखण्यासाठी. कापडाने डोके वाचते असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. फेटा उन्हाला अडवतो, डांबराला नाही. हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेले आहे. थर्मोकोल दबतो आणि दणका स्वतःवर घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, आणि त्याला पेट्रोलही लागू देऊ नये, थर्मोकोल विरघळतो.

व्हिएतनाम हा आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश, उकाडा आपल्यापेक्षा चिकट, घरोघर मोटारसायकल. तिथेही लोक म्हणत की या हवेत हेल्मेट चालणार नाही. तिथे उष्ण हवेसाठी हलकी, हवेशीर हेल्मेटे बनवणारा कारखाना निघाला आणि १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती झाली. थोड्याच काळात दहातली नऊ माणसे हेल्मेट घालू लागली. पुढे पडवीतल्या खेळण्यासारखी हलकी हेल्मेटेही बाजारात आली, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडेही रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हेल्मेटे मिळतात. ती पोलिसासाठी असतात, डोक्यासाठी नाही. आयएसआय छापाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी विक्री चालूच. दंड मात्र घालणाऱ्याला. विकणाऱ्याच्या टपरीवर कोणी जात नाही.

एक हक्काची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे नवी दुचाकी घेताना गाडी बनवणाऱ्याने तिच्यासोबत प्रमाणित हेल्मेट द्यायचे असते. दुकानदार बोलत नाही आणि आपण नारळ फोडून, हार घालून गाडी घेऊन येतो. लग्नात जावयाला गाडी देण्याची रीतच आम्हाला मान्य नाही, ते वेगळे. पण पोरीच्या बापाने कर्ज काढून गाडी दिली आणि पाच-पन्नास टोपी-टॉवेलांच्या आहेरात एक हेल्मेट नाही, हे कसले देणे? गाडी कुणाच्याही नावावर असो, दुकानात पावती हातात घेण्याआधी विचारा : नियम १३८ चे हेल्मेट कुठे आहे? नाही म्हटला तर तसे लिहून मागा आणि तो कागद पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. असे दहा-वीस कागद जमले तर आरटीओ कचेरीत सोबत जाऊ.