वकिलीचा मजूर-नाका

सकाळी आठच्या सुमारास नवी मुंबईतील एखाद्या मजूर-नाक्यावर गेले, तर थापी, घमेले, रंगाचा ब्रश घेऊन उभे असलेले स्त्री-पुरुष दिसतात. मुकादम येतो, वीस जणांकडे नजर टाकतो, दोघांना उचलतो. उरलेले ऊन चढेपर्यंत थांबतात आणि रिकाम्या हाताने घरी परततात. हे दृश्य पाहून सुशिक्षित मध्यमवर्ग हळहळतो. परंतु त्याच्याच घरात रात्री अकरानंतर दुसरा एक नाका भरतो, तिकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. या नाक्यावर कायद्याचे विद्यार्थी उभे असतात. त्यांच्या हाती घमेल्याऐवजी संगणक असतो, आणि मुकादम कधी येऊन गेला हे त्यांना कळतसुद्धा नाही.

या नाक्याची रीत आता ठरून गेली आहे. विद्यार्थी प्रथम मुंबई, पुणे, दिल्लीतील शेदोनशे लॉ फर्मची नावे गोळा करतो. एका तक्त्यात फर्मचे नाव, भागीदाराचे नाव आणि ईमेलचा पत्ता भरतो. मग एकच अर्ज लिहून त्यात गाळलेल्या जागा ठेवतो. मेल मर्ज नावाची सोय त्या जागा आपोआप भरते आणि दोनशे अर्ज एका रात्रीत रवाना होतात. एखाद्या अर्जात आधीच्या फर्मचे नाव तसेच राहून जाते. काही अर्ज पलीकडच्या टपालपेटीच्या स्पॅम-कोपऱ्यात पडून तेथेच कुजतात. बहुतेकांना नकारसुद्धा येत नाही. नकार हेही एक प्रकारचे उत्तर असते आणि उत्तर देण्याइतकी किंमत या नाक्यावर कोणाला नाही.

शहाण्यांचा सल्ला

या प्रकाराबद्दल दोन प्रकारचे शहाणे बोलतात. पहिले म्हणतात की विद्यार्थी आळशी झाले आहेत. घाऊक अर्ज पाठवण्यापेक्षा त्यांनी प्रत्येक फर्मचा अभ्यास करून स्वतंत्र अर्ज लिहावा. दुसरे म्हणतात की घाऊक अर्ज पाठवणे हीसुद्धा एक कला आहे; कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या मथळ्याने पाठवावे ते शिकून घ्यावे. दोघांच्या सल्ल्यात एक गृहीतक समान आहे. अर्ज निष्फळ ठरला, तर दोष अर्जदाराचा!

पहिल्या सल्ल्याचा साधा हिशेब करून पाहावा. एका फर्मची माहिती काढून तिच्यापुरता अर्ज लिहायला अर्धा तास लागतो असे धरले, तर शंभर अर्जांना पन्नास तास लागतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस, या मापाने सहा दिवसांहून अधिक श्रम झाले, तेही विनामोबदला. पलीकडे तो अर्ज उघडून बंद करायला काही सेकंद पुरतात. शंभर विद्यार्थ्यांनी शंभर फर्मना असे मनापासून अर्ज लिहिले, तर पाच हजार तास खर्ची पडतात आणि जागा मात्र होत्या तितक्याच राहतात. सगळ्यांनीच टाचा उंचावल्या तर उंच कोणीच दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. घाऊक अर्ज पाठवणारा विद्यार्थी हा हिशेब मनातल्या मनात केव्हाच करून बसलेला असतो. ज्या बाजाराने त्याला घाऊक माल ठरवले, त्या बाजाराशी तो घाऊक भाषेत बोलतो. त्याला आळशी म्हणणे म्हणजे रांगेत उभे राहिल्याबद्दल रांगेतल्याला दोष देणे होय.

मग ही रांग लावली कोणी? भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप, म्हणजे उमेदवारी, सक्तीची आहे. कोणत्याही वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू नये, असेही बंधन आहे. याचा अर्थ पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला चार-चार आठवड्यांची उमेदवारी निदान पाच वेळा मिळवावी लागते. विद्यार्थ्याने कोर्टकचेरी, सामाजिक संस्था आणि कंपन्यांचे व्यवहार पाहावेत, हा नियमामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु विद्यार्थ्यावर सक्ती करणाऱ्या या नियमांनी कोणत्याही कार्यालयावर त्याला घेण्याची सक्ती केलेली नाही, आणि घेतले तर काही विद्यावेतन द्यावे असेही म्हटलेले नाही. एका बाजूला सक्ती आणि दुसऱ्या बाजूला मर्जी, अशी ज्या व्यवहाराची रचना असते तेथे नाका तयार होतोच.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. सुट्टीच्या काळात विद्यार्थ्यांना हाताखाली घेण्यास तयार असलेल्या, किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या ज्येष्ठ वकिलांची जिल्हावार यादी राज्य वकील परिषदेने करावी आणि ती महाविद्यालयांना उपलब्ध व्हावी, असे त्यात म्हटले आहे. रायगड जिल्ह्याची अशी यादी उरणच्या कोणत्या विद्यार्थ्याच्या हाती पडली आहे, हा प्रश्न परिषदेला जाहीरपणे विचारला गेला पाहिजे. विद्यार्थी रात्र-रात्र जागून पत्त्यांचे तक्ते करतो, ते काम नियमाने परिषदेकडे सोपवलेले आहे.

फिटरला हक्क, वकिलाला मर्जी

उरण तालुक्यात या अन्यायाचे माप घ्यायला दूर जावे लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर वा वेल्डर होऊन बाहेर पडलेला मुलगा एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला विद्यावेतन मिळते. सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्यालाही किमान विद्यावेतनाचा नियम आहे. इंटर्न डॉक्टर विद्यावेतनासाठी संप करतात, आणि समाज त्यांना वेडे म्हणत नाही. परंतु कायद्याचा विद्यार्थी, ज्याने उद्या कामगाराच्या किमान वेतनाचा दावा चालवायचा, तो स्वतः फुकट राबतो आणि राबायला मिळावे म्हणून दोनशे अर्ज पाठवतो! ज्या घरात बाप मुंबईतील भाडे, खानावळ आणि काळा कोट यांचा खर्च उचलू शकतो, त्या घरातील मुलाला हे परवडते. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडून किंवा जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आलेल्या लोकलने रोज फोर्टला जाणाऱ्या मुलीला प्रत्येक आठवड्याचा हिशेब घरी द्यावा लागतो. विनावेतन उमेदवारी ही दिसायला सर्वांना खुली असलेली, पण गरिबाला आपोआप गाळणारी चाळण आहे.

या चाळणीचा इतिहासही विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईत वकिलीला उभे राहिले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कामे देत नव्हती. विद्वत्तेचा तेथे प्रश्नच नव्हता. काम ओळखीने फिरत होते आणि ओळख जातीने बांधलेली होती. आज कोणी उघडपणे जात विचारणार नाही. परंतु ज्यांचे काका-मामा त्या कार्यालयांत बसतात त्यांना एक दूरध्वनी पुरतो, आणि ज्यांचे काका भातशेतीत किंवा मचव्यावर राबले त्यांना दोनशे अर्जही पुरत नाहीत. घाऊक अर्ज हे ओळख नसलेल्यांचे हत्यार आहे. ते बोथट आहे, पण दुसरे त्यांच्या हाती दिलेलेच नाही.

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करू नये, दारोदार फिरू नये, असा या व्यवसायाचा नियम आहे. वकिली हा धंदा नसून सेवा आहे, ही त्यामागची भूमिका. भूमिका उदात्त खरी. पण मग त्याच व्यवसायाने आपल्या उंबरठ्यावरील तरुणांना फेरीवाल्यासारखे दारोदार का फिरवावे? प्रतिष्ठा वरच्या मजल्यावर आणि लाचारी जिन्याखाली, असे हे घर आहे.

जमीन गेली, कायदा आला

हा प्रश्न उरणच्या संदर्भात केवळ नोकरीचा राहत नाही. या तालुक्याने कायदा पुस्तकात वाचण्याआधी अंगावर झेलला आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल कायद्याविरुद्ध उठलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरणमधील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळ्या चालल्या, पाच जणांचे बळी गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. त्या लढ्याचे नेते, जासईचे दि. बा. पाटील, स्वतः वकील होते. कलम कोणते आणि शेत कोणाचे, हे दोन्ही ज्याला ठाऊक होते अशा माणसाने ते आंदोलन चालवले.

त्यानंतर १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या लोकांना हनुमान कोळीवाड्यात वसवले, तेथे त्यांची घरे वाळवीने पोखरली. खाड्या बुजल्या, मासळी हटली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठाने या परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. भूखंडाचे वारस, गावठाणातील घरे, भरपाईचे दावे, कंत्राटी कामगारांच्या तक्रारी: ज्या तालुक्यात घरटी एक कज्जा आहे, तेथे शिकलेला वकील बेकार कसा राहतो?

उत्तर सरळ आहे. कज्जे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे पैसा नाही, आणि पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांची कार्यालये नरिमन पॉइंटला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. बंदरे, बँका, बांधकाम कंपन्या हेच बड्या फर्मचे अशील असतात. म्हणजे ज्याच्या आजोबांची जमीन करारनाम्याच्या एका ओळीने गेली, त्याचा नातू तशाच करारनाम्यांचे मसुदे तपासण्याची संधी मिळावी म्हणून रात्री दोनशे अर्ज पाठवतो. यात नातवाचा अपराध नाही. घरातील कर्ज फेडण्यासाठी चांगल्या पगाराची नोकरी मागणे हा त्याचा अधिकार आहे. प्रकल्पग्रस्ताच्या पोराने एकट्यानेच त्यागाचा ठेका घ्यावा, हा उपदेश भरल्या पोटीच सुचतो. अपराध त्या व्यवस्थेचा आहे, जिने त्याच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या: बड्यांच्या दारात रांग, नाही तर तालुक्याच्या कोर्टात उपासमार.

मागण्या स्पष्ट हव्यात

तिसरी वाट काढता येते, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने १९७७ पासून गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. त्यासाठीचा १९८७ चा कायदा १९९५ पासून अमलात आहे. तालुका विधी सेवा समित्यांना पूर्ण पगाराचे तरुण वकील आणि विद्यावेतन घेणारे विद्यार्थी द्या. मग उरणचा भूखंडधारक आणि उरणचा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसतील. इंटर्नशिपची सक्ती ठेवायची असेल, तर तिच्याबरोबर विद्यावेतनाचीही सक्ती असली पाहिजे. ज्येष्ठ वकिलांची जिल्हावार यादी महाविद्यालयात लावली पाहिजे. ज्या फर्म विद्यार्थी घेतात त्यांनी जागा किती, निवड कशी आणि मोबदला किती, हे जाहीर केले पाहिजे. तसे झाले तर दोनशे अंधारातल्या अर्जांची गरजच उरणार नाही.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी अलीकडचा इतिहास आठवावा. राज्य वकील परिषदा सनदेसाठी हजारो रुपये उकळत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक शुल्क घेता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. पहिला निर्णय बंधनकारक होता, म्हणून शुल्क खाली आणावे लागले. दुसरी केवळ शिफारस आहे, आणि शिफारशीवर कोणाची चूल पेटत नाही. दोन्हींतील फरक हाच धडा आहे. जे मर्जीवर सोडले जाते ते मिळत नाही. जे हक्क म्हणून लिहून घेतले जाते तेच मिळते.

साडेबारा टक्के हे कोणाच्या विनंती-अर्जाला आलेले उत्तर नव्हते. गावोगावचे शेतकरी वेगवेगळे अर्ज करत राहिले असते, तर ते अर्ज मंत्रालयाच्या फडताळात आजही पडून असते. ते एकत्र आले, तेव्हा सरकारला त्यांची एकच मागणी वाचावी लागली. उरण-पनवेलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. ते त्यांच्या घरातच घडले आहे. दोनशे फर्मना एकेकट्याने पाठवलेल्या दोनशे अर्जांपेक्षा दोनशे विद्यार्थ्यांनी मिळून वकील परिषदेला पाठवलेल्या एका मागणीपत्राचे वजन अधिक भरेल. त्या मागणीपत्रात गाळलेली जागा एकही नसावी.