मैदान मुलींचे, पण खुर्ची कोणाची?



एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत एक नवलाची गोष्ट घडली. तेथील महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतील मुलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाख लोकांनी टेलिव्हिजनवर पाहिला. मुलींचा अंतिम सामना मात्र १ कोटी ८५ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. मुलींच्या सामन्याने मुलांच्या सामन्यास मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. पण हे झाड काही एका रात्रीत उगवलेले नाही. ज्यांनी त्याला आळे करून पाणी घातले, त्यांपैकी एका बाईंची कारकीर्द आज येथे तपासून पाहावी, असे आम्हांला वाटते. त्या बाई म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षिका पॅट समिट.

समिटबाईंचा जन्म १९५२ सालचा, टेनेसी राज्यातील एका शेतकरी कुटुंबातला. तीन थोरल्या भावांबरोबर गवताच्या माळ्यावर चेंडू खेळत त्या वाढल्या. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाडच दुसऱ्या गावी हलविले. तरीही महाविद्यालयात जाण्याची वेळ आली तेव्हा भेद दिसलाच. भावांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती; मुलींसाठी तशी सोयच नव्हती. आईवडिलांनी पदरचे पैसे घालून त्यांना शिकविले.

१९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची जबाबदारी त्यांच्यावर आली. पगार महिना २५० डॉलर. संघाचे कपडे धुणे आणि गाडी हाकणे ही कामेही त्यांचीच. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान. पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या. ही जागा एवढ्या तरुण मुलीला कशी मिळाली? आमच्या मते याचे उत्तर सोपे आहे: तिच्यात ना पैसा होता, ना मान. ज्या खुर्चीसाठी कोणी भांडत नाही, ती बाईला सहज मिळते.

पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळविले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. टेनेसीला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते १९८७ साली, म्हणजे त्यांच्या तेराव्या मोसमात. २००८ पर्यंत अशी आठ विजेतेपदे झाली. १९९७-९८ च्या मोसमात त्यांचा संघ ३९ सामने खेळला आणि ३९ ही जिंकला. अडतीस मोसमांत १०९८ विजय आणि २०८ पराभव, असा त्यांचा हिशेब आहे.

पण आम्हा शिक्षकांना याहून मोठा वाटणारा आकडा दुसराच आहे. त्यांच्या हाताखाली खेळण्याचा आपला काळ ज्या ज्या मुलीने पुरा केला, त्या प्रत्येकीने पदवी मिळविली. वर्गात पहिल्या रांगांत बसायचे आणि तास चुकवायचा नाही, हा संघाचा नियम होता. चेंडू आणि पुस्तक यांचे वैर नाही, हे त्यांनी अडतीस वर्षे दाखवून दिले.

आता या कारकिर्दीमागच्या कायद्याकडे वळू. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखले जाणारे कलम मंजूर झाले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. खेळाचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. पण त्याच्या बळावर मुलींचे संघ, शिष्यवृत्त्या आणि मैदाने उभी राहिली. हा कायदा घडविणाऱ्यांत पॅट्सी मिंक या हवाईच्या लोकप्रतिनिधी होत्या. मिंकबाईंचा जन्म उसाच्या मळ्यांच्या माउई बेटावर, जपानहून आलेल्या स्थलांतरितांच्या घराण्यात झाला. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला. २००२ मध्ये त्यांच्या निधनानंतर या कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले. उसाच्या बेटावर वाढलेल्या आपल्यासारख्या लोकांना ही हकीकत परकी वाटू नये.

कायद्याने दार उघडले, पण सवयी राहिल्याच. टेनेसीच्या शाळांत तेव्हा मुलींचा बास्केटबॉल निराळ्या रीतीने खेळला जाई. संघात सहा मुली. तिघींनी फक्त चेंडू टाकायचा, तिघींनी फक्त अडवायचे, आणि मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. पूर्ण मैदान धावणे मुलींना झेपणार नाही, असा समज. अशा रीतीने शिकलेली मुलगी महाविद्यालयात अर्धीच तयार होऊन येते, म्हणून समिटबाईंनी या पद्धतीविरुद्ध उघडपणे आवाज उठविला. सत्तरीचे दशक संपता संपता ती पद्धत त्या राज्यात बंद झाली.

येथवर सारे चांगले. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९७२ साली अमेरिकन महाविद्यालयांतील मुलींच्या संघांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक संघ स्त्रिया शिकवीत. आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. बास्केटबॉलमध्ये स्थिती थोडी बरी. पण एकूण चित्र हेच. मुलींना मैदान मिळाले आणि बायांची खुर्ची गेली! असे का व्हावे?

आम्हांला तीन कारणे दिसतात. पहिले, पैसा. कायद्यानंतर या कामास पगार आणि मान मिळू लागला आणि पुरुष उमेदवार पुढे आले. दुसरे, नेमणूक करणारे हात. मुलींच्या स्पर्धा १९७१ पासून स्त्रियांनीच चालविलेली एक संघटना भरवीत असे; १९८२ मध्ये पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने आपली महिला स्पर्धा सुरू केली आणि जुनी संघटना लवकरच बुडाली. विद्यापीठांतही मुलींचे क्रीडा विभाग मुलांच्या विभागांत विलीन झाले आणि प्रमुखपद बहुधा पुरुषाकडे राहिले. टेनेसी हा अपवाद होता. तेथे महिला क्रीडा विभाग २०१२ पर्यंत वेगळा होता आणि त्याच्या प्रमुखपदी स्त्रिया होत्या. पहिल्या विजेतेपदाची तेरा मोसम वाट पाहण्याचा धीर तेथे दिसला, हा आम्ही केवळ योगायोग मानीत नाही. समिटबाईंनंतरही ती जागा स्त्रियांकडेच राहिली.

तिसरे कारण घरचे. १९९० मध्ये समिटबाई एका खेळाडूला आपल्या संघात आणण्यासाठी पेनसिल्व्हेनियात तिच्या घरी गेल्या होत्या. तेथेच त्यांना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. विमानाने परत येऊन त्यांनी टेनेसीतच मुलाला जन्म दिला. ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. पण प्रत्येक बाईने असेच करून दाखवावे अशी जर अट असेल, तर त्या खुर्चीवर किती जणी टिकतील? ही परीक्षा पुरुषाला कधी द्यावी लागत नाही.

कोणी म्हणेल, काम चांगले झाल्याशी मतलब; शिकविणारा पुरुष की स्त्री हे कशाला पाहावे? यात तथ्य आहे. समिटबाईंचा विजयांचा आकडा २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडर्व्हियर यांनी ओलांडला, आणि व्हॅनडर्व्हियर यांचा आकडा २०२४ मध्ये कनेटिकटच्या जीनो ऑरिएमा या पुरुष प्रशिक्षकाने ओलांडला. ऑरिएमा यांनी मुलींचा खेळ मोठा केला, हे कोणी नाकारू नये. पण हा रस्ता दुतर्फा नाही. मुलांचे महाविद्यालयीन संघ शिकविणाऱ्या स्त्रिया शोधूनच काढाव्या लागतात. समिटबाईंना मात्र मुलांच्या संघासाठी विचारणा झाली होती. त्यांनी नकार दिला; त्याला बढती का म्हणायचे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आम्हांला त्यांच्या आठही विजेतेपदांइतका मोलाचा वाटतो.

२०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, स्मृती हिरावणारा अल्झायमर रोग जडल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले, आणि तरीही एक मोसम संघ सांभाळला. २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

हे सारे आपल्या बेटावर का सांगावे? १९७७ साली मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. त्यापूर्वी फी भरण्याची वेळ आली की आधी मुलाचे नाव निघे, मग मुलीचे. त्या एका निर्णयाने आपल्या मुली वर्गात आल्या, शिकल्या. शिक्षिका झाल्या, डॉक्टर झाल्या. पण मैदानाचे काय? वरच्या वर्गांत गेल्या की मुली मैदानावर दिसेनाशा होतात. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की घर. दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास आम्हीच कितीदा गणिताला मागून घेतला आहे!

आमचे मागणे मोठे नाही. शनिवारी सकाळी एखादी तरुण शिक्षिका मुलींना घेऊन मैदानावर उभी राहिली, तर आपली मुलगी तिच्याकडे पाठवावी. त्या शिक्षिकेच्या घरच्यांनी तेवढ्या वेळ तिची मुले सांभाळावीत. आणि उद्या त्या कामाला पगार आणि मान आला, तर आज बिनपगारी उभ्या राहिलेल्या बाईला विसरू नये. दार कायदा उघडतो. खुर्ची राखणे मात्र आपल्या हाती आहे.